दप्तर जपणारे हात : संगणकाच्या युगात अभिलेखागाराचे स्थान

(रुग्णालयाच्या वर्धापनदिनी अभिलेख समितीच्या वतीने केलेले भाषण)





वर्धापनदिनी नव्या यंत्रसामग्रीविषयी, वर्षभरातील शस्त्रक्रियांविषयी आणि पुढील संकल्पांविषयी बोलण्याचा आपला प्रघात आहे. या वर्षी मात्र विश्वस्त मंडळाने अभिलेख समितीला बोलण्याची आज्ञा केली. आपल्यापैकी अनेकांना याचे आश्चर्य वाटले असेल. खरे सांगायचे तर आम्हांलाही वाटले. केसपेपरची खोली ही रुग्णालयातील अशी जागा आहे की, जेथे कोणी पाहुण्यांना घेऊन जात नाही. तेथे धूळ असते, लोखंडी मांडण्या असतात, सुतळीने बांधलेले गठ्ठे असतात आणि दुपारच्या वेळीही दिवा लावावा लागतो. परंतु गेल्या वर्षी या खोलीसंबंधी एक निर्णय घेण्याची वेळ आली. तो घेताना आम्हांला जे उमगले, ते आपल्यासमोर ठेवणे हे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

प्रश्न साधा होता. आपल्या डायलिसिस विभागाला जागा अपुरी पडते. आठवड्यातून दोन-तीनदा येणाऱ्या रुग्णांना ताटकळत बसावे लागते, काहींना परत जावे लागते. केसपेपरची खोली तळमजल्यावर आहे. रुग्णाला जिना चढावा लागत नाही, पाण्याची व निचऱ्याची सोय जवळ आहे. तेव्हा सर्व जुने कागद स्कॅन करून संगणकात घ्यावेत, मूळ कागद रद्दीत काढावेत आणि ती खोली डायलिसिससाठी द्यावी, असा प्रस्ताव पुढे आला. त्यामागील हेतू निर्मळ होता. जिवंत रुग्णाच्या खाटेपुढे जुन्या कागदांची काय मातब्बरी, असे कोणालाही वाटेल. आरंभी आम्हीही या प्रस्तावाला अनुकूल होतो.

याच सुमारास रुग्णालयात दोन व्यक्ती आपापली विचारणा घेऊन आल्या. दोघांच्याही अनुमतीने आणि त्यांची ओळख उघड न करता आम्ही हे सांगत आहोत.

पहिल्या होत्या चाळिशीच्या एक भगिनी. त्यांच्या आईवर तीसहून अधिक वर्षांपूर्वी आपल्याच रुग्णालयात स्तनाच्या गाठीची शस्त्रक्रिया झाली होती. आई पुढे वारल्या. आता या भगिनींच्या डॉक्टरांनी त्यांना विचारले होते की, आईला तो आजार कितव्या वर्षी झाला, गाठ कोणत्या प्रकारची होती, एका बाजूला होती की दोन्ही. त्यांना यातील काहीच ठाऊक नव्हते. त्या काळी घरातील मुलांना असे काही सांगण्याची रीत नव्हती. 'आईचे ऑपरेशन झाले', एवढेच त्यांना आठवत होते. तारीख तर नाहीच, सालही नक्की आठवत नव्हते. त्यांनी आम्हांला आईचे नाव सांगितले आणि गावाचे नाव सांगितले.

आमच्या दप्तरात एका जुन्या लिपिक बाईंनी वर्षानुवर्षे एक निराळी वही ठेवली होती. रुग्णालयाच्या नियमात तिचा कोठेही उल्लेख नाही. तीत रुग्णांची नावे गावांनुसार लावलेली आहेत आणि प्रत्येक नावापुढे आंतररुग्ण क्रमांक आहे. माणूस तारीख विसरतो, गाव विसरत नाही, हे त्या बाईंनी अनुभवाने ओळखले होते. त्या वहीतून क्रमांक मिळाला, क्रमांकावरून गठ्ठा मिळाला आणि गठ्ठ्यात, गंजलेल्या टाचणीने टोचलेला, विकृतिशास्त्र विभागाचा अहवाल मिळाला. आईचे वय, गाठीचा प्रकार, बाजू, सर्व काही त्यात होते. त्यावरून कोणत्या तपासण्या आणि केव्हापासून करावयाच्या, हे त्यांच्या डॉक्टरांना ठरवता आले. त्या भगिनींनी तो कागद हाती घेतला तेव्हा प्रथम अहवाल वाचला नाही. संमतीपत्राच्या तळाशी असलेली आईची सही पाहिली.

दुसरा होता एक तरुण. त्याचा जन्म आपल्याच प्रसूतिगृहात, पण पुष्कळ नंतरचा, म्हणजे आपल्याकडे संगणक नुकतेच आले होते त्या वर्षांतला. तो अपुऱ्या दिवसांचा जन्मला होता आणि काही आठवडे नवजात शिशु विभागात होता. आता त्याची श्रवणशक्ती क्षीण होत होती. नवजात अवस्थेत त्याला कोणती प्रतिजैविके, किती मात्रेत आणि किती दिवस दिली गेली, हे त्याच्या तज्ज्ञांना हवे होते. कारण जीव वाचविणाऱ्या काही औषधांचा कानाच्या नसांवर परिणाम होऊ शकतो, हे सर्वज्ञात आहे.

त्याला आम्ही काहीही देऊ शकलो नाही. त्या वर्षांतील नोंदी संगणकात घेतल्यावर मूळ कागद काढून टाकण्यात आले होते. 'कागद ठेवण्याची आवश्यकता उरली नाही' असे त्या वेळच्या सभेच्या इतिवृत्तात नोंदविलेले आहे. त्या नोंदींच्या फ्लॉपी एका पेटीत नीट रचून ठेवलेल्या सापडल्या. बऱ्याच खटपटीने त्या वाचणारे जुने उपकरण मिळविले. काही फ्लॉपी उघडल्याच नाहीत. ज्या उघडल्या त्यांतील मजकूर ज्या आज्ञावलीत भरला होता, ती आता कोणाकडेही नाही. मराठी मजकूर त्या काळच्या एका विशिष्ट फॉन्टमध्ये टंकलेला होता. युनिकोडची पद्धत रुळण्यापूर्वी प्रत्येक फॉन्टमध्ये अक्षरांच्या जागा ज्याच्या त्याच्या मर्जीने ठरत असत. तो फॉन्ट नसला की पडद्यावर रोमी अक्षरांची आणि चिन्हांची अर्थहीन रांग उमटते. त्या रांगेत कोठेतरी त्या मुलाचे नाव आहे, त्याच्या आईचे नाव आहे, औषधेही आहेत. पण ते कोणालाच वाचता येत नाही.

तीस वर्षांहून जुना कागद वाचता आला आणि त्यानंतरची संगणकीय नोंद वाचता आली नाही, या विसंगतीने आम्हांला अस्वस्थ केले. यावरून 'कागद चांगला आणि संगणक वाईट' असा निष्कर्ष काढणे सोपे आहे. तो चुकीचा होईल. आईचा अहवाल मिळाला तो कागदावर होता म्हणून नव्हे, तर त्या लिपिक बाईंनी वही ठेवली म्हणून. ती वही नसती तर तोच अहवाल गठ्ठ्यांच्या डोंगरात असून नसल्यासारखा राहिला असता. आणि मुलाची नोंद हरवली ती संगणकात होती म्हणून नव्हे. ती एकदा संगणकात गेल्यावर तिच्याकडे पाहण्याचे काम कोणाकडेही राहिले नाही, म्हणून हरवली. हा दोष यंत्राचा नाही. तो आमचा आहे आणि आम्ही त्या तरुणाजवळ तो कबूल केला आहे.

जुने कागद नेमके कोणाच्या उपयोगाचे, असे आम्हांला नेहमी विचारले जाते. त्यांच्या उपयोगाचे स्वरूप पुष्कळदा लिहिणाऱ्यालाही ठाऊक नसते. या संदर्भात आरोग्याच्या क्षेत्रातील दोन उदाहरणे सांगण्याजोगी आहेत.

इंग्लंडमधील हर्टफर्डशायर परगण्यात १९११ सालापासून सुईणी आणि आरोग्य-निरीक्षिका प्रत्येक नवजात बालकाचे वजन एका खातेवहीत लिहीत असत. बालक वर्षाचे झाले की पुन्हा वजन करून त्याच ओळीत नोंदवीत. एथेल मार्गारेट बर्नसाइड या मुख्य आरोग्य-निरीक्षिकेने ही पद्धत घालून दिली होती. उद्देश एवढाच, की बालके जगावीत. १९८०च्या दशकात साउदम्प्टनचे डॉ. डेव्हिड बार्कर आणि त्यांचे सहकारी जुन्या जन्मनोंदी शोधत असताना या वह्या त्यांच्या हाती आल्या. १९११ ते १९३० या काळात जन्मलेल्या ५,६५४ पुरुषांचे पुढे काय झाले, याचा त्यांनी माग काढला. जन्माच्या वेळी आणि वर्षाच्या वयात ज्यांचे वजन सर्वांत कमी होते, त्यांच्यात हृदयविकाराने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण सर्वांत अधिक आढळले. १९८९ साली हा निबंध प्रसिद्ध झाला आणि प्रौढपणीच्या रोगाचे मूळ गर्भावस्थेत असू शकते, हा विचार वैद्यकविश्वात रुजू लागला.

दुसरे उदाहरण आपल्या देशातील आणि आपल्यासारख्याच एका धर्मादाय रुग्णालयातील आहे. म्हैसूरच्या होल्ड्सवर्थ मेमोरियल रुग्णालयात १९३४ सालापासून जन्मणाऱ्या प्रत्येक बालकाचे वजन, लांबी आणि डोक्याचा घेर नोंदविण्याची प्रथा होती, आणि त्या नोंदवह्या रुग्णालयाने जपून ठेवल्या होत्या. पुढे संशोधकांनी त्यांच्या आधारे १९३४ ते १९५४ या काळात तेथे जन्मलेल्या आणि अजून त्याच परिसरात राहणाऱ्या ५१७ स्त्री-पुरुषांना शोधून काढले आणि त्यांची तपासणी केली. ज्या व्यक्ती जन्मतः अडीच किलो किंवा त्याहून कमी वजनाच्या होत्या, त्यांच्यात हृदयरोगाचे प्रमाण ११ टक्के होते, ज्या ३.१ किलो किंवा त्याहून अधिक वजनाच्या होत्या, त्यांच्यात ३ टक्के. ज्यांच्या माता गरोदरपणी कृश होत्या, त्यांना धोका अधिक होता. हे निष्कर्ष १९९६ साली प्रसिद्ध झाले. या विचारधारेचे महत्त्वाचे काम आपल्या महाराष्ट्रातही झाले आहे. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली पुण्याजवळच्या सहा गावांतील मातांचा आणि पुढे त्यांच्या मुलांचा दीर्घकालीन अभ्यास आरंभिला. आपल्याकडील बालके वजनाने लहान असली तरी त्यांच्या शरीरातील चरबीचे प्रमाण त्या मानाने टिकून असते, हे त्यातून दिसून आले. मधुमेह आपल्याकडे इतका लवकर आणि इतका सर्रास का होतो, हे समजण्यास त्याची मोठी मदत झाली.

१९३४ साली म्हैसूरच्या त्या प्रसूतिगृहात तराजू हाती घेतलेल्या परिचारिकेला यातील काहीच ठाऊक असण्याचे कारण नव्हते. तिने आकडा नीट पाहिला आणि नीट लिहिला. तिच्या मागून आलेल्यांनी ती वही फेकली नाही. या दोन साध्या गोष्टींवर पुढचे सारे उभे राहिले.

आपल्या मराठी मुलखाला तर हे नव्याने सांगण्याची गरज नाही. १८१८ साली पेशवाई संपुष्टात आली आणि तिचे दप्तर इंग्रजांच्या ताब्यात गेले. इनामे, वतने आणि वसूल यांचे पुरावे हवे म्हणून त्यांनी ते राखले. मराठ्यांचा इतिहास लिहिला जावा म्हणून नव्हे. पुढे गो. स. सरदेसाई यांच्या संपादनाखाली १९३० ते १९३४ या काळात त्यातील निवडक कागदांचे ४५ खंड प्रसिद्ध झाले. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी त्याआधीच, १८९८ पासून, गावोगावच्या वाड्यांतून आणि माळ्यांवरून कागद गोळा करून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' प्रसिद्ध करण्यास आरंभ केला होता. त्याचे २२ खंड निघाले. या दोन्ही उद्योगांतून आपणांस आपला भूतकाळ मिळाला. पण त्याच दप्तराची दुसरी बाजूही ध्यानात घेतली पाहिजे. पुण्याच्या पुरालेखागारात मोडी लिपीतील कोट्यवधी कागद आजही रुमालांत बांधलेले आहेत आणि मोडी सहजपणे वाचणारी माणसे मोजकी उरली आहेत. राज्याचे पुराभिलेख संचालनालय त्यासाठी मोडीचे प्रशिक्षणवर्ग चालविते. अशा कागदाचे उत्तम छायाचित्र काढून संगणकात ठेवले, तरी लिपी जाणणारा नसेल तर तो कागद मुकाच राहतो.

आपल्या केसपेपरचीही एक मोडी आहे. पंचवीस-तीस वर्षांपूर्वीच्या डॉक्टरांची आद्याक्षरे, औषधांची तेव्हाची नावे, विभागांचे बंद पडलेले क्रमांक आणि परिचारिकांच्या खाणाखुणा आजच्या तरुण डॉक्टरांना उलगडत नाहीत. म्हणून आम्ही निवृत्त परिचारिका आणि कर्मचारी यांना विनंती केली. त्यांपैकी काही जण दर शनिवारी येऊन बसतात आणि त्यांच्या सांगण्यावरून अशा संक्षेपांची एक वही तयार होत आहे. स्कॅनिंगच्या यंत्राइतकीच ही वही मोलाची आहे, असे आमचे मत झाले आहे.

आता संगणकाच्या बाजूने बोलणे न्यायाचे होईल, कारण त्याचे उपकार मोठे आहेत. कागद एकच असतो आणि तो एकाच ठिकाणी असतो. आग, वाळवी आणि पाणी हे त्याचे जन्मजात शत्रू आहेत. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, त्याची आठवण ज्यांना आहे, त्यांना तळमजल्यावरच्या कागदांचे काय होते हे वेगळे सांगावयास नको. आणि आपले दप्तरही तळमजल्यावरच होते. संगणकीय नोंदीची प्रत क्षणात होते, ती दुसऱ्या गावी ठेवता येते, हजारो नावांतून एक नाव निमिषात शोधता येते, आणि कागदाला हात न लावता तो कितीही वेळा पाहता येतो. रुग्ण परगावी असला तरी त्याचा अहवाल त्याच्यापर्यंत पोहोचतो.

मात्र संगणकीय नोंद एकदा ठेवून दिली की टिकली, असे होत नाही. १०८६ साली इंग्लंडमध्ये तयार झालेले 'डूम्सडे बुक' हे जमीनजुमल्याचे दप्तर आजही उघडून वाचता येते. त्याच्या नऊशेव्या वर्षानिमित्त १९८६ साली बीबीसीने त्याची आधुनिक आवृत्ती लेझर-तबकड्यांवर तयार केली. दहा लाखांहून अधिक लोकांनी तीत भाग घेतला होता. अवघ्या पंधरा-सोळा वर्षांत त्या तबकड्या वाचणारी यंत्रे दुर्मीळ झाली आणि तज्ज्ञांना तो मजकूर वाचविण्यासाठी खास प्रयत्न करावे लागले. जुन्या दप्तराला कोरडी जागा आणि कुलूप पुरले. नव्याला सतत सांभाळणारे माणूस लागले.

धोका केवळ विस्मरणाचाही नाही. २३ नोव्हेंबर २०२२ रोजी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेच्या संगणक-व्यवस्थेवर सायबर हल्ला झाला आणि देशातील त्या अग्रगण्य रुग्णालयाला अनेक दिवस नोंदणीपासून अहवालांपर्यंतचे काम हाताने लिहून करावे लागले. हे उदाहरण आम्ही कोणाला नावे ठेवण्यासाठी देत नाही. इतक्या मोठ्या संस्थेवर असा प्रसंग ओढवू शकतो, तर आपल्यासारख्यांनी किती सावध असावे, एवढेच त्यातून घ्यावयाचे आहे.

यापुढील काळात ही जबाबदारी वाढणार आहे. २०२१ च्या सप्टेंबरमध्ये आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर सुरू झाले. त्यात प्रत्येक नागरिकाला चौदा अंकी आभा क्रमांक घेता येतो आणि त्याच्या संमतीने त्याच्या वैद्यकीय नोंदी एकमेकींशी जोडल्या जातात. अनेकांची अशी समजूत आहे की, आता सर्व नोंदी शासनाच्या एखाद्या मोठ्या कोठारात जमा होतील आणि रुग्णालये मोकळी होतील. वस्तुस्थिती तशी नाही. नोंद जेथे निर्माण होते तेथेच ती राहते. ही व्यवस्था केवळ तिच्यापर्यंत पोहोचण्याचा मार्ग देते. म्हणजे आपण ती हरवली तर मार्ग असूनही पलीकडे काहीच असणार नाही.

नियमांनी आपणांवर घातलेले बंधन फार मोठे नाही. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या विनियमांनुसार आंतररुग्णाच्या नोंदी उपचार सुरू झाल्याच्या दिनांकापासून तीन वर्षे जतन केल्या पाहिजेत, आणि रुग्णाने वा त्याच्या अधिकृत प्रतिनिधीने मागणी केल्यास त्या ७२ तासांत दिल्या पाहिजेत. आज आम्ही ज्या आईची हकीकत सांगितली, तिचा कागद नियमाप्रमाणे केव्हाच रद्दीत जावयास मोकळा होता. नियमापुरते वागलो असतो तर आमच्यावर कोणी ठपका ठेवला नसता. त्या भगिनी मात्र रिकाम्या हाताने परत गेल्या असत्या.

तथापि, सर्व काही कायमचे ठेवावे असेही आमचे म्हणणे नाही. जेथे सर्वच ठेवले जाते तेथे काहीच सापडत नाही. काय ठेवावे आणि काय सोडावे हे विचारपूर्वक ठरविणे, हाच अभिलेखागाराच्या कामाचा गाभा आहे. शिवाय वैद्यकीय नोंद ही इतिहासाच्या कागदासारखी सर्वांना खुली नसते. रुग्णाने ती विश्वासाने आपल्या हाती दिलेली असते. मनोविकार, एचआयव्ही, गर्भपात अशा कितीतरी गोष्टी त्यात असतात, ज्या शेजाऱ्यालाच काय, कधी घरच्यांनाही ठाऊक नसतात. कागदाच्या काळात खोलीला कुलूप होते आणि एका वेळी एकच गठ्ठा चोरीला जाऊ शकत होता. आज एका सैल पासवर्डपायी सगळे दप्तर बाहेर जाऊ शकते. व्यक्तिगत डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ साली संमत झाला. पण कायदा नव्हता तेव्हाही हे आपले कर्तव्य होतेच. म्हणून अभिलेखागाराला दोन किल्ल्या लागतात, एक उघडण्याची आणि एक बंद ठेवण्याची, आणि दोन्ही जबाबदार हातांत असाव्या लागतात.

या साऱ्याचा विचार करून समितीने जो निर्णय सुचविला आणि विश्वस्त मंडळाने जो मान्य केला, तो आता सांगतो.

तळमजल्यावरील खोली डायलिसिस विभागाला देण्यात येत आहे. याविषयी आमच्या मनात किंतु नाही. बिले, साठ्याच्या पावत्या, दुबार प्रती आणि ज्यांची मुदत संपली आहे असे किरकोळ कागद तपासून, यंत्राने बारीक कातरून नष्ट केले जातील. ते रद्दीवाल्याच्या हाती जाणार नाहीत. जन्मनोंदवह्या, मृत्युनोंदवह्या, शस्त्रक्रियांची रजिस्टरे, विकृतिशास्त्राचे अहवाल, नवजात शिशु विभागाच्या नोंदी आणि गावांनुसार लावलेली ती वही यांची मूळ प्रत कायमची जपली जाईल. त्यासाठी पहिल्या मजल्यावर, पुराच्या पाण्यापासून दूर, एक लहान कोरडी खोली राखून ठेवली आहे. जन्मनोंदवह्यांना प्राधान्य देण्याचे एक व्यावहारिक कारणही आहे. जन्माच्या नोंदणीसंबंधीची कायद्यातील दुरुस्ती १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झाली आणि त्यानंतर जन्मलेल्यांसाठी जन्मदाखला हा शाळाप्रवेशापासून पारपत्रापर्यंतचा मूळ पुरावा ठरला. आधीच्या पिढीतील ज्यांची नोंदणी राहून गेली, तेही रुग्णालयाच्या नोंदीचा आधार मागण्यासाठी आमच्याकडे येत असतात.

या सर्व नोंदींची संगणकीय प्रतही केली जाईल. ती कोणा एका कंपनीच्या आज्ञावलीवर अवलंबून राहणार नाही. सर्वमान्य, खुल्या स्वरूपात राहील आणि मराठी मजकूर युनिकोडमध्येच भरला जाईल. तिच्या तीन प्रती असतील. त्यांतील एक परगावी आणि एक इंटरनेटशी न जोडलेली असेल. वर्षातून दोनदा यांपैकी काही नोंदी प्रत्यक्ष उघडून, मूळ कागदाशी ताडून पाहिल्या जातील आणि त्या तपासणीचा निष्कर्ष, तो चांगला असो वा नसो, या वार्षिक अहवालात छापला जाईल. फ्लॉपीच्या पेटीने आम्हांला शिकविलेला हा धडा आहे. ती पेटी आम्ही फेकलेली नाही. त्या तरुणाच्या नोंदीसाठी प्रयत्न अजून चालू आहेत, पण यश येईलच असे आश्वासन आम्ही त्याला दिलेले नाही.

आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, अभिलेखपाल हे पद कायमस्वरूपी राहील. आजवर हे काम ज्याला दुसरे काम नाही अशा कर्मचाऱ्याकडे सोपविले जात असे. यापुढे ते प्रशिक्षित व्यक्तीकडे असेल आणि ती व्यक्ती निवृत्त होण्याआधी सहा महिने तिच्या हाताखाली दुसरी व्यक्ती नेमली जाईल, म्हणजे कागदांबरोबर त्यांची माहितीही पुढच्या हाती जाईल.

देणगीदारांना आमची एक विनम्र विनंती आहे. आपण खाटेला देणगी देता, रुग्णवाहिकेला देता, शस्त्रक्रियागृहाच्या दिव्याला देता. त्यावर आपल्या दिवंगत आप्तांचे नाव लागते आणि ते योग्यच आहे. अभिलेखपालाचे वेतन, कोरडी कपाटे, दर काही वर्षांनी बदलावी लागणारी साठवणूक यांवर कोणाच्या नावाची पाटी लागत नाही. या कामासाठी स्वतंत्र निधी उभारावा असा विश्वस्तांचा मानस आहे. त्यातून आज बरा होणारा रुग्ण आपणांस दाखविता येणार नाही. कदाचित तीस वर्षांनी कोणाची तरी मुलगी येईल आणि गावाचे नाव सांगेल. त्या वेळी आपल्यापैकी अनेक जण येथे नसतील. तिला कागद मिळावा, एवढीच या निधीची फलश्रुती.

रुग्णांच्या नातेवाइकांनाही एक सांगणे आहे. डिस्चार्ज कार्ड, अहवाल आणि औषधांच्या चिठ्ठ्या घरी एका पिशवीत नीट ठेवा. मोबाइलवर छायाचित्र काढले म्हणून मूळ कागद टाकू नका. आजी-आजोबांना कोणता आजार होता, कितव्या वर्षी झाला, कोणत्या औषधाचे वावडे होते, हे त्यांच्याकडून विचारून एका वहीत लिहून ठेवा आणि ती वही कोठे आहे हे मुलांना सांगा. प्रत्येक घर हे एक लहानसे अभिलेखागारच असते.

शेवटी कृतज्ञता. ज्या लिपिक बाईंनी ती गावांची वही ठेवली, त्यांना निवृत्त होऊन पुष्कळ वर्षे झाली. त्यांच्या कामाची नोंद रुग्णालयाच्या कोणत्याही अहवालात आजवर झालेली नव्हती. आम्ही त्यांना भेटून सर्व हकीकत सांगितली. त्या म्हणाल्या, "लोक लांबून येत, त्यांचा वेळ जाऊ नये म्हणून लिहीत होते." त्यांच्या इच्छेला मान देऊन आम्ही येथे त्यांचे नाव देत नाही, पण त्यांची वही पहिल्या मजल्यावरील नव्या खोलीत पहिल्या कपाटात ठेवली आहे आणि या वर्षीच्या रुग्णांची नावेही त्याच पद्धतीने, गावांनुसार, लिहिण्यास आरंभ झाला आहे.